चित्राचा धनी कोण?

वेबपान करायला शिकवताना रंग, फॉन्ट आणि मांडणी यांवर तासच्या तास जातात. चित्र कुठून आणायचं याबाबत मात्र एकच सूचना असते : ‘गूगलवरून घ्या.’ या सूचनेच्या समर्थनार्थ केले जाणारे युक्तिवाद एकदा तपासून पाहायला हवेत.

पहिला युक्तिवाद : शिक्षणासाठी सगळं माफ असतं. यात तथ्य आहे, पण अर्धंच. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं ५२वं कलम शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला अध्यापनाच्या ओघात प्रत काढायची मुभा देतं. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सच्या दुकानावर बड्या प्रकाशकांनी दावा लावला, तेव्हा २०१६मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं या मुभेचा अर्थ उदारपणेच लावला. त्यामुळे वर्गातल्या प्रकल्पात चित्र चिकटवणाऱ्या मुलाला चोर म्हणणं चूक आहे. पण तेच चित्र प्रवेशाच्या जाहिरातीत किंवा स्नेहसंमेलनाच्या फ्लेक्सवर झळकलं, तर त्यात अध्यापन कुठे उरलं? सवलत शिकण्या-शिकवण्याला आहे, संस्थेच्या प्रसिद्धीला नाही.

दुसरा युक्तिवाद : खाली नाव दिलं की भागतं. ‘सौजन्य : गूगल’ हा त्याचा सर्वांत हास्यास्पद नमुना. गूगल चित्र शोधून देतं, त्याचं मालक नसतं. शिवाय श्रेय आणि परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हक्क विकून टाकल्यावरही कर्तेपण सांगण्याचा अधिकार कलावंताकडेच राहतो, तो ५७व्या कलमानुसार. वापराची परवानगी मात्र हक्कधारकाकडूनच घ्यावी लागते. ‘नाव द्या आणि वापरा’ असं मालकानं स्वतःच जाहीर केलं असेल, तिथेच नावावर भागतं. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने नेमकं हेच सांगतात. त्यांतले काही धंद्यासाठी वापर करू देत नाहीत, तर काही चित्रात फेरफार करू देत नाहीत.

तिसरा युक्तिवाद : चित्रावर हक्काची खूण नाही, म्हणजे ते मोकळं आहे. कायद्याला ना खूण लागते, ना नोंदणी. कलाकृती घडताक्षणी हक्क निर्माण होतो आणि सर्वसाधारणपणे कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो.

हे ऐकून काही शिक्षक दुसरं टोक गाठतात : मग काहीच वापरू नका! हाही आळसच, फक्त सोवळ्यातला. राजा रविवर्मा १९०६मध्ये गेले. त्यांच्या चित्रांवरचा हक्क केव्हाच संपला. विकिमीडिया कॉमन्सवर तर सर्वांना वापरता येतील अशा चित्रांचं भांडार खुलं आहे. मुलांना भीती घालण्यापेक्षा तिथली वाट दाखवावी.

माझं म्हणणं असं, की ग्राफिक्स आणि कॉपीराइट हे दोन विषय नाहीतच. एकाच तासाला शिकवावेत. शोधाच्या यादीतून उचललेली छोटी प्रतिमा जेमतेम काहीशे पिक्सेलची असते. छापण्यासाठी साधारणपणे इंचाला ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे आठ इंच रुंदीला २४००. छोटी प्रतिमा ताणली की ती फाटते. जेपेग फाइल पुन्हापुन्हा बदलून साठवली की दर वेळी तपशील झिजतो. चांगली फाइल हवी असेल तर मूळ ठिकाणी जावंच लागतं. आणि छायाचित्रकाराचं नाव, परवाना, अटी बहुधा तिथेच सापडतात. कारागिरी आणि सचोटी, दोन्ही एकाच पत्त्यावर.

तिथून पुढचा धडा आणखी महत्त्वाचा. मोबाइलवर फोटो काढणारी विद्यार्थिनी स्वतःही हक्कधारक असते. तिनं टिपलेला गडाचा बुरूज कुणी, कोणत्या अटीवर वापरावा, हे तिलाच ठरवायला सांगा. धनी होऊन विचार केलेलं मूल दुसऱ्याच्या चित्राकडे फुकटचा माल म्हणून पाहणार नाही. आणि प्रकल्पाचे गुण देताना मांडणीइतकंच वजन प्रत्येक चित्राच्या उगमाला आणि परवान्याला द्या. गुणपत्रिकेत ज्याला जागा नाही, ते आपल्याकडे कुणी शिकत नाही.