सात वाजताचा भोंगा

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावी सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला, की घरोघरचे टीव्ही बंद होतात, मोबाइल फळीवर जातात, आणि साडेआठ वाजता भोंगा पुन्हा वाजेपर्यंत मुले अभ्यासाला व वडीलधारी माणसे वाचनाला किंवा गप्पांना बसतात. करोनाकाळात शिक्षणाच्या निमित्ताने मुलांच्या हाती आलेले मोबाइल शाळा उघडल्यावरही सुटेनात, तेव्हा १४ ऑगस्ट २०२२ रोजी ग्रामपंचायतीने हा निश्चय केला, आणि दुसऱ्याच दिवशी, ऐन स्वातंत्र्यदिनी, त्याचा अंमल सुरू झाला.

या हकिकतीत मला सर्वांत बोलकी वाटते ती तिची पूर्वपीठिका. सरपंच विजय मोहिते यांच्या पंचायतीने हा विषय प्रथम काढला तेव्हा पुरुषमंडळींनी तो हसण्यावारी नेला. मग पंचायतीने स्त्रियांना एकत्र बोलाविले, आणि मालिकांच्या नादात आपला वेळ कसा सरतो याची कबुली त्यांनी मोकळेपणाने दिली. (पुरुषांची तशी कबुली कोठे दप्तरी दाखल झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.)

एकाग्रता हा व्यक्तीचा गुण आहे, ती ज्याची त्याने निग्रहाने साधावी, असे आपण गृहीत धरतो. परंतु शेजारच्या खोलीत मालिकेचे संगीत चालू असता आणि समोर बसलेल्या बापाचे अंगठे मोबाइलवर अखंड फिरत असता ज्या मुलाला त्रैराशिक सोडवायचे आहे, त्याला मनोनिग्रहाचे पाठ देणे हा मला शुद्ध अन्याय वाटतो. आणि हे मी स्वतः तसा बाप असल्यामुळे खात्रीने सांगू शकतो. साताऱ्याकडे वाईला प्राज्ञपाठशाळेत धर्मकोशाचे आणि पुढे त्याच गावी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम वर्षानुवर्षे चालले, विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला, तो केवळ एकेका पंडिताच्या तपश्चर्येवर नव्हे. त्या कामाला बसणाऱ्यांची एक मंडळी तेथे होती. तोच विश्वकोश आज मोबाइलवर वाचता येतो, हेही येथे नमूद केले पाहिजे, कारण वैर यंत्राशी नाही.

हा बंदोबस्त तीन हजार वस्तीच्या गावात चालला. सातारा-सांगलीसारख्या शहरांत भोंगा कोण वाजविणार, ही हरकत रास्त आहे. पण शहरालाही वाडे आहेत, सोसायट्या आहेत, आणि त्यांच्या सभा भरतात. पुढच्या सभेत पाणी आणि पार्किंग यांच्याखाली दीड तासाचा हा विषयही घ्यावा, आणि पुरुष हसू लागले तर ती सभा तहकूब करून स्त्रियांची बोलवावी.