असून अडचण, नसून खोळंबा

चतुर्थी जवळ आली की गोव्याच्या रस्त्यांवरील वर्दळ एकाएकी वाढते. मुंबई-पुण्याची मंडळी आपापल्या गावी निघतात आणि येथील कुटुंबे चोर्ला घाट चढून खरेदीसाठी बेळगाव गाठतात. निघण्यापूर्वी मोटार धुतली जाते, इंधन भरले जाते, नव्या वर्षाच्या उत्साहाने हारही चढविला जातो. फक्त डिकीच्या तळाशी दडलेल्या पाचव्या चाकाची विचारपूस करण्याचे कोणाच्या ध्यानी येत नाही. हे चाक जागा अडविते म्हणून त्याचा राग येतो आणि ते ऐन वेळी उपयोगी पडले नाही म्हणून प्रवास खोळंबतो. ही आपत्ती मात्र आपणच ओढवून घेतलेली असते.

ज्याला आपण सर्रास ‘स्टेपनी’ म्हणतो, त्या नावाची कथा मोठी मनोरंजक आहे. मोटारींच्या आरंभकाळी गाडीबरोबर जादा चाक नसे. पंक्चर झाले की रस्त्यावरच टायर उतरवून ठिगळ लावीत बसावे लागे. वेल्समधील लानेली या गावी डेव्हिस बंधूंनी १९०४ साली या त्रासावर तोड काढली. हवा भरलेला टायर चढविलेले, आरे नसलेले एक कडे त्यांनी तयार केले. पंक्चर झालेल्या चाकाला ते बाहेरून जखडले की गाडी पुढे चाले. ज्या स्टेपनी रस्त्यावर त्यांचा उद्योग होता, त्याचेच नाव या वस्तूस मिळाले. ते मूळ साधन केव्हाच इतिहासजमा झाले. नाव मात्र आपल्याकडे गॅरेजवाल्या पोरापासून मोटारमालकापर्यंत सर्वांच्या तोंडी टिकून आहे.

नाव टिकले, पण त्यामागील सावधपणा टिकला काय, असा प्रश्न पडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) गोव्यातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे मोटार असल्याचे आढळले, आणि या बाबतीत गोवा देशात पहिला होता. मोटार अशी घरोघरी आली असता तिचे चाक बदलण्याचे साधे ज्ञान त्या प्रमाणात पसरले आहे, असे आम्हांस दिसत नाही.

टायर फिरो अथवा पडून राहो, त्यातील हवा हळूहळू कमी होतच असते. दरमहा एक-दोन पौंड दाब उतरणे स्वाभाविक आहे. चालत्या चार चाकांत आपण पंपावर हवा भरून घेतो, पाचव्याच्या वाटेला मात्र कोणी जात नाही. वर्ष-दीड वर्षाने ते बाहेर काढावे, तो तेही बसलेले! गाडीच्या काचेसमोर दाब दाखविणारी यंत्रणा असली, तरी ती बहुधा या चाकाची खबर देत नाही. म्हणून महिन्यातून एकदा हवा भरताना पंपवाल्यास डिकी उघडून दाखविणे हाच खरा उपाय होय. चाक इतर चाकांहून लहान असेल, तर त्याचा दाब वेगळा असू शकतो व त्यावर वेगाची मर्यादा, बहुधा ताशी ८० किलोमीटर, छापलेली असते. ती पाळून जवळचे पंक्चरचे दुकान गाठावे. त्याच चाकावर गावोगाव हिंडू नये. टायरच्या कडेवरील चार आकडे त्याच्या निर्मितीचा आठवडा व वर्ष सांगतात. न वापरलेले रबरही जुने होते, आणि दहा वर्षांनंतर टायर वापरू नये असे उत्पादकच बजावतात.

चाक सुस्थितीत असले तरी ते हाती लागले पाहिजे. अनेक मोठ्या गाड्यांत ते मागील बाजूस पोटाखाली तारेला टांगलेले असते व डिकीतून दांडा घालून, तो फिरवून खाली सोडावे लागते. आपल्या किनाऱ्यावरील खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी ती तार व तिचा फिरता भाग गंजून धरला, तर चाक डोळ्यांसमोर लटकत राहते आणि हाती येत नाही. वर्षातून दोनदा, निदान पावसाळा संपताच, ते उतरवून चिखल धुवावा व फिरत्या भागास तेल द्यावे. दुकानदार हवेच्या यंत्राने नट इतके आवळतात की गाडीतल्या आखूड पान्याने ते हलत नाहीत. हाही अनुभव घरच्या अंगणातच घेतलेला बरा. सपाट जागा पाहावी, हँडब्रेक ओढावा, दुसऱ्या चाकाला दगड लावावा, नट आधी थोडे सैल करून मगच जॅक चढवावा आणि नवे चाक बसविताना नट समोरासमोरचे आवळावेत. एवढे ज्ञान अर्ध्या तासात येते. घरातील गाडी चालविणाऱ्या प्रत्येकास, मुलींनाही, ते आलेच पाहिजे.

या प्रश्नाला कायद्याचीही एक बाजू आहे. २०२० साली केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. त्यानुसार साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीत ट्यूबलेस टायर, दाब दाखविणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असल्यास जादा चाक देण्याचे बंधन उरले नाही. वजन घटते, इंधन वाचते आणि विजेवरील गाडीत बॅटरीस जागा मिळते, ही कारणे खोटी नाहीत. तथापि त्या संचातील चिकट द्रव खिळ्याचे बारीक छिद्र बुजवितो. खड्ड्याच्या धारेने टायरची कड फाटली, तर त्याचा उपयोग नाही. आपल्या रस्त्यांवर खिळे अधिक की खड्डे अधिक, हे आमच्या वाचकांस सांगणे न लगे. रात्री, पावसात, मोबाइलचा संपर्क तुटलेल्या घाटात, लहान मुलांसह थांबलेल्या कुटुंबास काही किलो वजन वाचल्याचे समाधान काय कामाचे?

म्हणून गाडी विकत घेताना स्टेपनी आहे काय, कोणत्या आकाराची आहे आणि ती कशी काढावयाची, हे ग्राहकाने विचारलेच पाहिजे. भाड्याने गाडी देणाऱ्यांनी चावीबरोबर पाचव्या चाकाचा दाबही पर्यटकास दाखवावा, कारण त्याचा खोळंबा म्हणजे गोव्याच्या आतिथ्याची अपकीर्ती. मोटार शिकविणाऱ्या शाळांनी प्रत्येक शिकाऊ उमेदवाराकडून एक चाक स्वहस्ते बदलून घ्यावे. यांपैकी कशालाही नवा कायदा नको, अनुदान नको. चतुर्थीला निघण्यापूर्वी डिकीतील सामान एकदा बाहेर काढले आणि पाचव्या चाकाला हात लावून पाहिले, तरी आरंभ झाला.