वाहनचोरीच्या तपासाबाबत चौथे निवेदन

प्रति,
मा. पोलीस उपायुक्त साहेब,

महोदय,

याच विषयावरचे हे आमचे चौथे निवेदन. आधीच्या तिन्हींच्या पोचपावत्या जोडल्या आहेत. लेखी उत्तर आले असते तर तेही जोडले असते.

गणपतीआधीच्या शांतता समितीच्या बैठकीत रात्री दोन ते पाच गस्त वाढवण्याचा शब्द मिळाला होता. विसर्जनापर्यंत गस्त दिसली. मग मांडवाबरोबर तीही उठली.

मुख्य गाऱ्हाणे गुन्हा नोंदवण्याचे आहे. आमच्या एका सभासदाची डबे पोचवायची ईको पहाटे गेली. सात वाजता ते ठाण्यात हजर. "फायनान्सवाल्यांनी उचलली असेल, बघा." हप्ते भरल्याचे पासबुक दाखवले. "मग दोन दिवस आजूबाजूला शोधा." पुढे हद्दीचा वाद निघाला, कारण गाडी रस्त्याच्या पलीकडे लावली होती. शेवटी ऑनलाइन तक्रार केली. सही करायला गेले तर साहेब बंदोबस्तावर. गुन्हा दाखल झाला नवव्या दिवशी. कोपऱ्यावरच्या मेडिकलच्या कॅमेऱ्यात चित्रण आठच दिवस टिकते. आम्ही ते आधीच पेन ड्राइव्हवर उतरवून ठाण्यात नेले होते, तेव्हा "गुन्हा दाखल नाही, घेऊन काय करू?" असे ऐकले. आता विमा कंपनी उशिराचा खुलासा मागते, शिवाय तपास न लागल्याची अ-समरीही. हप्ता चालूच आहे आणि डबे भाड्याच्या टेम्पोतून जातात.

पत्रकार परिषदेत मैदानावर ओळीने लावलेल्या हस्तगत गाड्या आम्हीही पाहिल्या. कौतुकच आहे. पण त्यांतल्या आमच्या हद्दीतल्या किती, मालकाच्या ताब्यात किती गेल्या, आणि ठाण्याच्या आवारात वेलींखाली गंजताहेत त्या किती? चोऱ्या घटल्याचे सांगितले जाते. नोंदच नऊ दिवसांनी होत असेल, किंवा कंटाळून कोणी ठाण्याची पायरीच चढत नसेल, तर आकडा घटणारच. म्हणून तक्रार आल्यापासून गुन्हा दाखल होईपर्यंत किती तास गेले, हे दरमहा ठाण्याच्या फलकावर लागावे. चोरीस गेलेल्या, सापडलेल्या आणि परत दिलेल्या गाड्यांचे आकडेही त्याशेजारी असावेत. मागच्या निवेदनावर "फलकाचे बघतो" असे फोनवर कळले होते.

गाड्यांबरोबर सायलेन्सरही चोरीस जातात, त्यासाठी भंगारवाल्यांची तपासणी व्हावी. जुन्या गाड्यांना नव्या नंबरप्लेटा लावायला आम्ही रांगा लावल्या. त्या नाकाबंदीत कोणीतरी तपासाव्यात. बंद पथदिव्यांबाबत महापालिकेला पत्र द्यावे.

या मागण्यांवर बैठक घ्यावी आणि तिची तारीख व वेळ लेखी कळवावी.

आपले,
सोसायटीचे सर्व सभासद

सोबत : पोचपावत्या ३, पेन ड्राइव्ह १ (तोच)