सुकाणू सोडणारा गुरू

खास चीज शिष्यालाही न देण्याची गवयांची खोड, दरबारी गवयाचा मुलगा म्हणून, मी जवळून पाहिली आहे. अशाने विद्या राहते काय? उत्तर एका दर्यावर्दी शिक्षकाने दिले आहे.

नौदलाचे अधिकारी दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. वाटेत ते चार बंदरांत थांबले होते. त्यांच्या हाताखाली तयार झालेले अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये त्याच नौकेतून कुठेही न थांबता फिरून आले. पराक्रम मिरवीत न बसता दोंद्यांनी पुढे नौदलातील सहा स्त्री-अधिकाऱ्यांना शिकविले; २०१७-१८ मध्ये ‘तारिणी’तून त्यांनीही प्रदक्षिणा पुरी केली.

वारा काय, सूर काय, नुसत्या पोथीतून कळत नाही. शिष्याच्या हाती सुकाणू द्यावे लागते, त्याला चुकू द्यावे लागते आणि अखेर आपण धक्क्यावर उभे राहून त्याला जाऊ द्यावे लागते. तो आपल्याहून लांब गेला, यात गुरूला उणेपणा कसला?

आपल्या माजघरांत अजून कितीतरी चिजा कोंडून पडल्या आहेत. त्या शिष्यांच्या गळ्यात उतरवाव्यात. नाहीतर त्या आपल्याबरोबरच जातील.