मुके झालेले यंत्र

दिवाळीच्या आधीचा पंधरवडा घरातल्या जड वस्तूंना फार वाईट जातो. माळ्यावरचे खाली येते, खालचे वर जाते, भिंतींना रंग लागतो, आणि एरवी ज्या धुडाला कोणी बोट लावत नाही ते चौघे मिळून दोन हात पलीकडे सरकवतात. मग पाडव्याच्या सकाळी घरातल्या कोणाला तरी फराळाच्या ताटाची धास्ती वाटते. स्वारी बूट चढवून ट्रेडमिलवर उभी राहते, बटण दाबते, आणि काही म्हणजे काही होत नाही. दिवा नाही, आवाज नाही, पट्टा जागचा हलत नाही. यंत्र मेले, असे घरात जाहीर होते.

वाचकहो, या सदरात मागेही लिहिले आहे आणि आज पुन्हा लिहितो, की खरोखर मेलेली यंत्रे मी फार थोडी पाहिली. बहुतेक यंत्रे रुसलेली असतात. त्यांना काहीतरी हवे असते, आणि ते मिळाल्याखेरीज ती हलत नाहीत. काय हवे आहे ते शोधायचे, एवढेच आपले काम.

तसे हे यंत्र माणसाच्या सुखासाठी जन्मलेच नव्हते. 1818 साली विल्यम क्युबिट नावाच्या इंग्रज अभियंत्याने तुरुंगातल्या कैद्यांसाठी पायांनी फिरवायचे एक मोठे चाक काढले. कैद्यांनी तासन्‌तास पायऱ्या चढायच्या आणि पोहोचायचे मात्र कुठेच नाही. ऑस्कर वाइल्डसारख्या नाटककारालाही 1895 साली लंडनच्या पेंटनव्हिल तुरुंगात ते चाक चढावे लागले. 1898 च्या कायद्यानंतर ही शिक्षा मावळली. ते चाक एखाद्या सकाळी बंद पडले असेल तर कैद्यांनी देवाचे आभारच मानले असतील. आपण तीच शिक्षा हप्त्यांनी विकत घेतो आणि ती बंद पडली की कासावीस होतो! असो.

पहिला संशय भिंतीवर घ्यावा. यंत्र सरकवले म्हणजे वायर आधीच्या पॉइंटपर्यंत पोहोचत नाही, मग ती जवळच्या दुसऱ्या पॉइंटला लागते, आणि खरी गोष्ट तिथेच बिघडते. आपल्याकडे भिंतीवर दोन जातींचे पॉइंट असतात. मोठा 16 अँपिअरचा आणि लहान 6 अँपिअरचा. जुन्या घरांत 15 आणि 5 चे. आता हिशेब करा. दोन हॉर्सपॉवरची मोटर पुऱ्या ताकदीने ओढू लागली की जवळजवळ 1,500 वॉट घेते, म्हणजे 230 व्होल्टवर साडेसहा अँपिअर. लहान पॉइंटची ऐपत तिथेच संपली. त्यात मोठा प्लग लहान भोकात घालणारे ते कन्व्हर्टर मध्ये लावले, किंवा आकाशकंदील आणि माळा ज्या एक्स्टेन्शन बोर्डावर आहेत त्यालाच यंत्रही जोडले, तर प्लग तापतो, आतल्या पट्ट्या सैल होतात आणि एके दिवशी वीज पुढे जाणेच बंद होते. यंत्र बिचारे उपाशी, आणि आळ मात्र त्याच्यावर!

पॉइंटमध्ये वीज आहे की नाही हे पाहायला लोक टेस्टर घालतात. टेस्टरचा दिवा लागला की निश्चिंत होतात. पण टेस्टर फक्त येणारी तार जिवंत आहे एवढेच सांगतो. परतीची तार, म्हणजे न्यूट्रल, तुटलेली असली तरी तो दिमाखात पेटतो. मोबाइलच्या चार्जरचीही साक्ष धरू नये. त्याला लागते चिमूटभर वीज, ती सैल पट्टीतूनही मिळते. त्यापेक्षा त्याच पॉइंटला इस्त्री लावावी. दोन मिनिटांत चांगली तापली तर पॉइंट खरा. नाही तापली तर ट्रेडमिलला हात न लावता वायरमनला बोलवावे.

मेन बोर्डावरचा एखादा खटका खाली पडला आहे का, हेही बघून घ्यावे. ज्यांच्याकडे गळतीची वीज ओळखणारा 30 मिलिअँपिअरचा खटका बसवला आहे, त्यांच्याकडे पावसाळ्यानंतर हा प्रकार फार होतो. चार महिने यंत्र गॅलरीशेजारी ओल खात पडलेले असते. खटका एकदा वर करून पाहावा. पुन्हा पडला तर तो काहीतरी सांगतो आहे असे समजून गप्प राहावे. त्याला काडी लावून वर अडकवणारे महाभागही मला ठाऊक आहेत.

भिंत निर्दोष सुटली, की यंत्राच्या पायाशी बसावे. जिथून वायर आत शिरते, तिथे एक लाल स्विच असतो. साफसफाई करताना कुंच्याचा धक्का लागून तो बंद झालेला असतो, आणि त्या कोपऱ्यात वाकून बघायची कोणाची तयारी नसते. त्याच्याच शेजारी बऱ्याच यंत्रांना एक लहानसे काळे बटण असते. मोटरवर फार ताण आला की ते आपण होऊन बाहेर उडी मारते. पाच-दहा मिनिटे थांबून, यंत्र निवल्यावर, ते टक असा आवाज येईपर्यंत आत दाबावे. बरेच वेळा एवढ्यानेच काम भागते. पट्ट्याखाली सिलिकॉनचे तेल कित्येक महिने घातले नसेल तर ते बटण पुन्हा उडी मारेल. तो मग तेलाचा प्रश्न.

आणि आता किल्ली. ट्रेडमिलच्या पुढच्या फळीवर एक लाल टिकली बसते, तिला दोरी, आणि दोरीच्या टोकाला चिमटा. ही टिकली म्हणजे यंत्राचा प्राण. तिच्या पोटात लोहचुंबकाचा तुकडा असतो, आणि फळीच्या आत एक नाजूक खटका त्या चुंबकाची वाट पाहत असतो. चुंबक जवळ आले की खटका मिटतो आणि यंत्राला परवानगी मिळते. चिमटा अंगातल्या सदऱ्याला लावायचा. माणूस पडला, तर दोरी ओढली जाऊन टिकली निघते आणि पट्टा थांबतो. किल्ली नसली की काही यंत्रे तीन आडव्या रेघा दाखवतात, काही तर साफ अंधार करून बसतात. किल्ली जागेवर असूनही अंधार असेल, तर ती एखाद्या टाचणीजवळ नेऊन पाहावी. टाचणी ओढली गेली नाही तर आतला चुंबक निखळून कुठेतरी घरंगळला आहे.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त गृहस्थ आहेत. सारी सोसायटी त्यांना तात्या म्हणते. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायपास झाली, आणि डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितले. आमच्याकडचे फूटपाथ म्हणजे अर्धे पेव्हर ब्लॉक आणि अर्धे खड्डे, म्हणून मुलीने ट्रेडमिल आणून दिली. यंदा नवरात्र संपता संपता ती मुकी झाली. फोनवरच्या मिस्त्रींनी यंत्र न बघताच निदान केले: "बोर्ड गेला, बारा हजार." तात्यांनी पैशांची जुळवाजुळव सुरू केली आणि चालणे बंद केले. अकरा दिवस झाले, तेव्हा जिन्यात त्यांना धापा टाकताना पाहून मी चौकशी केली.

पॉइंट ठीक होता, लाल स्विच चालू होता. फळीवर टिकलीच्या जागी गोव्याच्या होडीचे चित्र असलेला फ्रिजवरचा चुंबक बसवला होता.

"तात्या, किल्ली कुठे आहे?"

"हरवली हो ती. म्हणून हे लावलं. चुंबक तो चुंबक!"

तसे नाही. फ्रिजवर चिकटवायचा तो चपटा चुंबक पत्र्याला घट्ट धरतो, पण त्याची ओढ जाड पुठ्ठ्यापलीकडेही नीट पोहोचत नाही. फळीच्या आतल्या खटक्याला तो आल्याचे कळतच नाही. मी हे समजावून सांगत होतो, तेवढ्यात काकू आत गेल्या आणि देवघराच्या खणातून लाल टिकली घेऊन आल्या. यंत्रात बसवली, आणि ते लगेच बोलू लागले.

तात्या बघतच राहिले. काकू माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुम्हालाच सांगते. अष्टमीला हे चालता चालता फोन घ्यायला उतरले, पट्टा तसाच चालू. नातू मागच्या बाजूला बसून पट्ट्यावर मोटार सोडत होता. मोटार खाली ओढली गेली, त्याच्या मागोमाग त्याचा हात. मी किल्ली खेचली म्हणून. यांना सांगितलं असतं तर जिवाला लावून घेतलं असतं. आधीच हृदयाचं दुखणं. म्हणून ठेवून दिली. पोरं गेली, तरी परत द्यायचा मला धीर होईना."

कोणीच काही बोलले नाही. नातू चार वर्षांचा आहे.

तात्यांनी बऱ्याच वेळाने एकच विचारले, "हात?" काकू म्हणाल्या, "काही नाही. खरचटलंसुद्धा नाही."

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा टिकलीचे काय घेऊन बसलात. 2021 च्या मे महिन्यात अमेरिकेत पेलोटन कंपनीला आपल्या ट्रेड प्लस या जातीची सुमारे 1 लाख 25 हजार यंत्रे परत मागवावी लागली. सहा वर्षांचे एक मूल यंत्राखाली ओढले जाऊन दगावले होते, आणि माणसे, पाळीव प्राणी किंवा वस्तू मागच्या बाजूने आत ओढल्या गेल्याच्या 72 तक्रारी आल्या होत्या. पुढे कंपनीने चार आकड्यांचे कुलूप दिले. आकडे माहीत नसतील तर यंत्र सुरूच होत नाही. म्हणजे न सुरू होणारे यंत्र मुद्दाम घडवावे लागले! म्हणून एखादा मिस्त्री जेव्हा "किल्लीची भानगडच नको, आतल्या दोन तारा जोडून देतो" म्हणतो, तेव्हा त्याला चहा पाजून परत पाठवावे.

तात्यांच्या घरी तोडगा काकूंनीच काढला. पूर्वीच्या बायका कमरेला किल्ल्यांचा जुडगा खोवत, तशी त्यांनी ती टिकली आपल्या जुडग्यात अडकवली. साडेसहाला मिळते, सातला परत घेतली जाते. चिमटा तात्यांच्या सदऱ्याला त्या स्वतः लावतात.

व्यायामाच्या सायकलींविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण तिथे घोटाळा अगदी वेगळा असतो. पुष्कळ सायकलींच्या पडद्याला दोन साधे सेल लागतात. वर्षभर न वापरता ते फुटून पांढरी पूड धरतात. ती कोरड्या फडक्याने पुसून नवे सेल घालावे. काही भारी सायकली आपली वीज आपणच तयार करतात. त्यांच्यासमोर बटणे दाबत उभे राहिले तर संध्याकाळ होईल. आधी पायडल मारायचे, मग दिवा लागतो.

एवढे सगळे करूनही यंत्र गप्पच राहिले, तर मात्र मोटरवरचे झाकण आपण उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये काही काळ वीज दबा धरून असते, आणि तिचा झटका बसायचा तो बसतो. उंदराने तार कुरतडलेली असते, यंत्र दुमडताना खांबातली तार चेमटलेली असते, क्वचित एखाद्या पालीने बोर्डावर जीव दिलेला असतो. हे जाणत्या माणसाचे काम. मात्र त्याने फोनवर निदान करू नये, घरी येऊन मीटर लावून वीज कुठवर येते ते आपल्यासमोर मोजावे, आणि बोर्ड बदललाच तर जुना आपल्या हातात ठेवावा.

बारा हजारवाल्या मिस्त्रींचा तात्यांकडे परवा पुन्हा फोन आला होता. बोर्ड आला आहे, बसवायला कधी येऊ म्हणून. फोन काकूंनी घेतला, आणि म्हणाल्या, "नको, आमचा देवघरात सापडला."