पडद्यावरची शाळा

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीने देशभरच्या शाळांना कुलुपे लागली आणि पडद्यावरची शाळा नाइलाजाची सोय म्हणून घरोघर आली. साथ सरली, शाळाही उघडल्या. परंतु त्या सोयीविषयीचे गैरसमज अद्याप सरलेले नाहीत. कोणास ती सर्व दुखण्यांवरचा रामबाण उपाय वाटते, तर कोणी तिला निव्वळ थोतांड ठरवून मोकळा होतो. हे दोन्ही समज पारखून पाहावयाचे, तर मध्य प्रदेशातील सौंसर-पांढुर्ण्याकडे अवश्य पाहावे.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, पण त्याला खेटून असलेला हा संत्र्या-कापसाचा मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. नागपूर जवळ, भोपाळ दूर. घरात मराठी, कचेरीत हिंदी, अशी येथील स्थिती. त्याच १९५६ साली घटनेत ३५०-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्यांनी करावा, असे ते सांगते. सौंसरच्या मुलासाठी या वचनाचे मोल काय, हाच खरा प्रश्न आहे.

पहिला गैरसमज असा की, घरात फोन आला म्हणजे शाळा आली. मध्य प्रदेश सरकारने एप्रिल २०२० मध्ये ‘डिजिलेप’ योजनेतून व्हॉट्सॲपवर पाठ धाडण्यास प्रारंभ केला. पुढे जुलैत ‘हमारा घर, हमारा विद्यालय’ ही मोहीम निघाली; घरीच थाळी वाजवून शाळा भरल्याचे जाहीर करावे, अशी तीत कल्पना होती. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु घरातला एकुलता एक फोन बापाबरोबर शेतावर गेल्यावर ही शाळा भरावी कशी? अझीम प्रेमजी विद्यापीठाने त्याच वर्षी मध्य प्रदेशासह पाच राज्यांतील १,५२२ सरकारी शाळांची पाहणी केली, तेव्हा साठ टक्क्यांहून अधिक मुलांना हे शिक्षण घेता येत नसल्याचे आढळले. दूरचे कशाला, आपल्या गोव्यातही सांग्याची मुले नेटवर्कसाठी डोंगर चढत होती.

दुसरा गैरसमज अधिक घातक आहे. पडदा शिक्षकाची जागा घेईल, सबब शिक्षक कमी नेमले तरी चालेल, असे मानणाऱ्यांनी २०२१ मधील दुसरी पाहणी डोळ्यांखालून घालावी. १६,०६७ मुलांपैकी ९२ टक्के मुले मागील वर्षी येत असलेले भाषेचे किमान एक कौशल्य गमावून बसली होती. गणितात हे प्रमाण ८२ टक्के होते. पाठ ऐकवता येतो. पण मूल कोठे अडले, हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखणारा माणूस पडद्यात नसतो. माध्यान्ह भोजनाचे ताट आणि खेळाचे मैदानही तेथे नसते.

तिसरा गैरसमज याच्या अगदी उलट आहे. अशी शाळा म्हणजे पळवाट आणि तिच्या प्रमाणपत्राला किंमत नाही, असे पुष्कळ पालक समजतात. वस्तुतः १९८९ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था मान्यताप्राप्त मंडळ आहे. तिची दहावीची परीक्षा मराठी माध्यमातूनही देता येते; मुख्य म्हणजे ती केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. मजुरीमुळे वा लग्नामुळे शाळा सुटलेल्या मुलीला हे दार बंद आहे, असे सांगणे हा तिच्यावर अन्याय होय.

तेव्हा तारतम्य हवे. राज्यांच्या सीमा जमिनीवर असतात. त्या तारेला अडवीत नाहीत. पुण्याच्या बालभारतीची मराठी पुस्तके सौंसरमध्ये बसून फुकट उघडता येतात. ‘दीक्षा’ या केंद्रीय व्यासपीठावरही मराठी पाठ आहेत. साठ-सत्तर वर्षांपूर्वी सीमेपलीकडच्या मराठी मुलाला हे स्वप्नातही मिळाले नसते. परंतु पुस्तक उघडून देणारा, उच्चार दुरुस्त करणारा, वही तपासणारा मराठी शिक्षक गावातल्या सरकारी शाळेत नसेल, तर ते भांडार असून नसल्यासारखेच.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. सौंसर-पांढुर्ण्याच्या प्राथमिक शाळांत मराठी शिक्षक नेमावेत, त्यांच्या हाती पडदाही द्यावा, आणि महाराष्ट्राने आपले पाठ शेजाऱ्याशी रीतसर करार करून पुरवावेत. पडदा हे शाळेचे साधन आहे. ते दाखवून कोणत्याही सरकारने ३५०-अ खालील कर्तव्यातून अंग काढून घेऊ नये. वचन घटनेने दिले आहे. ते पाळण्यास माणसेच लागतील.