सीमोल्लंघन पायी व्हावे

दसऱ्याला दुपार कलली की गावोगावी पालख्या निघतात. ग्रामदैवतामागून माणसे शिवेकडे जातात, शमीची पूजा होते, आपट्याची पाने हातोहात फिरतात आणि दिवेलागणीला घरोघरी औक्षण होते. मोहिमेवर निघण्याची ही जुनी रीत. मोहिमा संपल्या तरी वर्षातून एकदा शिवेपर्यंत जाण्याचा रिवाज टिकला. आता मात्र तो बहुतेक ठिकाणी मोटारसायकलवरून उरकला जातो, किंवा चौकात आणून रोवलेल्या फांदीपुरता उरतो. दोन ते आठ ऑक्टोबर हा देशभर वन्यजीव सप्ताह असतो आणि दसरा त्याच्या आगेमागेच येतो. या दोन्हींच्या निमित्ताने आमचे काष्टीकरांना एकच सांगणे आहे. यंदाचे सीमोल्लंघन पायी करा, आणि सहकुटुंब करा.

सहकुटुंब रानात जाणे ही काही शहरातून आलेली हौस नव्हे. आपल्या पंचांगातच त्याची सोय होती. नागपंचमीला बायका-मुली वारुळाला जायच्या, झाडाला झोके बांधायच्या. श्रावणी सोमवारी टेकडीवरचा महादेव गाठला जायचा. कार्तिकात आवळीखाली पंगत बसायची. थंडीत हुरड्याची आगटी पेटायची, मराठवाड्यात वेळ अमावास्येला अख्खे घर शेतात जेवायला जायचे. एरवी उंबरठा ओलांडायला निमित्त शोधावे लागणाऱ्या सासुरवाशिणीला हे दिवस मोकळा श्वास देत. आजोबांपासून रांगत्या पोरापर्यंत सगळे त्यात असत. राज्य सरकारने 2020 मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण आणले, ते चांगलेच झाले. शहरातली कुटुंबे पैसे मोजून बैलगाडीत बसतात, हुरडा खातात आणि शेतकऱ्याच्या हाती चार पैसे येतात. पण ज्या गावच्या शिवारात हे सारे फुकट आहे, तिथल्या मुलांना ते शाळेच्या गाडीच्या काचेतूनच दिसते, याचे काय करायचे?

काष्टी हे श्रीगोंदा तालुक्यातले धावपळीचे गाव. दौंडहून भीमा ओलांडली की आपलीच हद्द जवळ येते. 1878 मध्ये सुरू झालेल्या दौंड-मनमाड लोहमार्गावर आपले स्थानक आहे. नगर-दौंड रस्ता गावातून जातो आणि शनिवारी जनावरांच्या बाजाराला लांबलांबून गाड्या लागतात. दसरा झाला की ऊसतोडीची लगबग सुरू होईल आणि दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्ता व्यापतील. या रस्त्याच्या कडेने मुलाचे बोट धरून चालणे म्हणजे जीव मुठीत धरणे आहे. ‘मुले चालत नाहीत’ अशी तक्रार करण्याआधी त्यांना चालायला जागा कुठे ठेवली, हे मोठ्यांनी स्वतःला विचारावे.

जागा आहे, पण आपण तिला पडीक म्हणतो. ऊस आणि लिंबोणीच्या हिरव्या पट्ट्यांपलीकडे श्रीगोंदा तालुक्याचे मूळ रूप माळाचे आहे. पर्जन्यछायेतल्या या भागात वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढ्या पावसावर घनदाट अरण्य उभे राहत नाही, गवत मात्र जोमाने वाढते. दसऱ्याच्या सुमारास हा माळ वर्षातल्या सर्वांत देखण्या अवस्थेत असतो. पवन्या आणि मारवेल कमरेला लागते, कुसळीचे तुरे पिकू लागतात, तरवड पिवळा होतो, बोरीला हिरवी बोरे धरतात. याच दिवसांत मध्य आशियाकडून भोवत्या शिकारी पक्षी येतात आणि गवतावरून संथ घिरट्या घालू लागतात. जमिनीवर अंडी घालणारी टिटवी, गाता गाता सरळ आभाळात चढणारा चंडोल, काटेरी फांदीवर किडे टोचून ठेवणारा खाटीक, पहाटे बोलणारे तित्तर यांना झाडांचे जंगल नको असते, उघडा माळच हवा असतो. ससा, खोकड, कोल्हा आणि लांडगाही इथलेच रहिवासी.

या माळाची किंमत सरकारनेही एकदा कागदावर मान्य केली होती. 1979 मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा त्याचे क्षेत्र 8,496 चौरस किलोमीटर होते आणि त्यात सोलापूरबरोबर आपल्या जिल्ह्यातल्या श्रीगोंदा, कर्जत आणि नेवासे या तालुक्यांचा भाग येत होता. लोकांची शेते, घरे, रस्ते सारेच त्या हद्दीत आल्याने नाराजी वाढली. पुढे क्षेत्र 1,222 चौरस किलोमीटरपर्यंत खाली आणावे लागले. दरम्यान माळ नांगरले गेले, कालव्याचे पाणी आले, आणि ज्याच्यासाठी अभयारण्य केले तो माळढोक महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला. जे गाव आपला माळ पायाखालून घालत नाही, त्याला तिथून काय गेले हेही कळत नाही. या कथेतून घ्यायचा धडा तो हाच.

जे उरले आहे ते मुलांना दाखवायला फार दूर जावे लागत नाही. शेजारच्या कर्जत तालुक्यात रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य आहे. 1980 मध्ये स्थापन झालेले हे अभयारण्य जेमतेम 2.17 चौरस किलोमीटरचे, म्हणजे एखाद्या लहान गावच्या शिवाराएवढे. खुरट्या बाभळी-हिवरांमधून पिळदार शिंगांचा काळा नर आणि त्याच्या मागचा पिवळसर माद्यांचा कळप एकदा उड्या घेताना पाहिला, की मुलाला पुस्तकातल्या चित्राची गरज राहत नाही. श्रीगोंद्याच्या दक्षिणेला भीमेकाठी पेडगावचा भुईकोट आहे. बहादूरगड म्हणून ओळखला जाणारा हा किल्ला आज धर्मवीरगड म्हणवला जातो. 1689 च्या फेब्रुवारीत संभाजी महाराज आणि कवी कलश यांना कैद करून औरंगजेबापुढे आणले, ते इथेच. चढण नाही, त्यामुळे आजी-आजोबांनाही तटाच्या आतून फिरता येते. लक्ष्मीनारायण मंदिराचे कोरीव काम पाहावे, नदीचे पाणी वर उचलणाऱ्या मोटेची जागा पाहावी आणि घाटावर बसून भाकरी खावी. भीमेच्याच पाण्यावर पुढे उजनीचा फुगवटा आहे. भिगवणला हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब उतरतात. ही तीन ठिकाणे हिवाळ्यातल्या तीन रविवारी सहज होतील. तरीही पहिली वाट आपल्या शिवेची असावी, कारण तिथे वर्षभर पुन्हापुन्हा जाता येते.

आता अडचण वाटांचीच आहे. प्रत्येक गावच्या जुन्या नकाशावर शिवरस्ते, गाडीवाटा आणि पायवाटा आखलेल्या असतात. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरली जाते. प्रत्यक्षात यातल्या कितीतरी वाटा बांध सरकवून, नांगर घालून, काटे टाकून संपल्या आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 143 प्रमाणे बांधावरून रस्ता देण्याचा अधिकार तहसीलदारांना आहे. 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमानुसार वहिवाटीच्या वाटेतला अडथळाही ते दूर करू शकतात. 2021 मध्ये पाणंद रस्त्यांसाठी मातोश्रींच्या नावाची योजनाही आली. या सगळ्या तरतुदी शेतकऱ्यासाठी आहेत, फिरणाऱ्यासाठी नाहीत, हे खरे. पण शेताकडे जाणारी वाट मोकळी झाली की ती मुलांच्या पायांनाही मोकळी होते. आणि वाट चालती राहिली तर ती गिळायला सहसा कोणी धजत नाही.

इंग्लंडचे उदाहरण या बाबतीत पाहण्यासारखे आहे. 24 एप्रिल 1932 रोजी मँचेस्टरजवळच्या किंडर स्काउट या पठारावर शेकडो कामगार तरुण मालकांची मनाई झुगारून चालत गेले. त्यांच्यातल्या काहींना तुरुंगवास झाला. पुढे 1949 च्या कायद्याने प्रत्येक परगण्याला आपल्या पायवाटांची पाहणी करून नकाशे तयार करणे बंधनकारक केले. त्या नकाशांमुळे आज तिथली कुटुंबे नोंदलेल्या पायवाटांवरून, मग त्या कुणाच्याही शेतातून जात असोत, हक्काने चालू शकतात. आपल्याकडे नकाशा तयारच आहे. तो तलाठ्याकडे किंवा भूमी अभिलेख कार्यालयात पडून आहे, एवढेच.

या आवाहनावर एक रास्त आक्षेप येईल, तो बिबट्याचा. आपल्या जिल्ह्यात आणि शेजारच्या शिरूर-जुन्नर पट्ट्यात बिबट्याने माणसे मारली आहेत, त्यात लहान मुले आहेत. ज्या घरावर हा घाला पडला त्याला रानाचे कौतुक सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही. म्हणून काही पथ्ये काटेकोर पाळलीच पाहिजेत. बिबट्या इथे उसाच्या आडोशाने राहतो, तेव्हा उसाच्या कडेची वाट मुलांसाठी वर्ज्य समजावी. ऊन चांगले वर आल्यावर निघावे आणि सांज होण्याच्या बरेच आधी परतावे. उघडा माळ निवडावा, घोळक्याने बोलत चालावे, लहान मूल मोठ्यांच्या मध्ये असावे. वनखात्याने सावध केलेल्या भागात जाऊच नये. गवतात घोणस आणि फुरसे असते, तेव्हा पायात बूट आणि हातात काठी हवी. त्याहून मोठा धोका पाण्याचा आहे. घोड-कुकडीचे कालवे, कठडा नसलेल्या विहिरी आणि वाळूउपशाने नदीपात्रात पडलेले खड्डे वरून शांत दिसतात. मुलांना तिथे पोहायला उतरवणे हा शुद्ध निष्काळजीपणा ठरेल.

बाकी सोपे आहे. मुलाच्या पायाने चालावे, म्हणजे तो थांबेल तिथे थांबावे. फुफाट्यात उमटलेले ठसे कुणाचे, कुसळ मोज्यात का रुतते, मुंग्यांनी वारुळाच्या तोंडाशी कसले बी टाकले, एवढ्यावर तासभर सहज जातो. गवतांची आणि झुडपांची नावे फोनला विचारण्याआधी आजीला विचारावीत. माळावर मेंढरे असतील तर मेंढपाळालाही विचारावीत. जिल्ह्यातली धनगर कुटुंबे वर्षातले कित्येक महिने लेकराबाळांसह पायीच असतात. त्यांच्याइतका हा माळ वाचता येणारा दुसरा शिक्षक मिळणार नाही. उभ्या पिकात शिरू नये, काडी पेटवू नये, प्लास्टिक मागे ठेवू नये. आणि सोन्यासाठी आपट्याच्या फांद्या ओरबाडू नयेत. मुलांना जिवंत झाड दाखवावे, घरी देवापुढे ठेवायला एक पान पुरते.

ग्रामपंचायतीने आणि शाळांनीही यात उतरावे. गावनकाशाची प्रत काढून चावडीवर लावावी, गावाजवळची एक शिववाट यंदा मोकळी करून तिच्यावर दगडी खुणा रंगवाव्यात. सहामाही परीक्षेनंतर प्रत्येक वर्गाने पालकांसह एकदा तरी ती वाट चालावी. वनखात्याने आपल्या हद्दीतल्या माळावर सरसकट खड्डे खणून झाडे लावण्याऐवजी काही गवत गवत म्हणूनच राखावे आणि कुटुंबांना ठरावीक दिवशी वनरक्षकासोबत तिथे फिरू द्यावे. यासाठी मोठा निधी लागत नाही, इच्छा लागते. गावकऱ्यांना मात्र नकाशा लागेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. दसऱ्याच्या दिवशी दुपारी गाड्यांच्या किल्ल्या खुंटीवर राहू द्या, मुलांना आणि आई-वडिलांना बरोबर घ्या आणि सांज होण्याच्या बरेच आधी आपल्या गावची शीव चालून या.